इंटरनेट गावात आले तेव्हा

इंटरनेट म्हणजे काय, हे आज चौथीतल्या पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. ते खिशातल्या फोनवर येऊन बसले आहे. परंतु ते प्रथम आले तेव्हा लोकांनी त्याच्याकडून कशाची आशा धरली होती, आणणाऱ्यांनी कोणकोणती वचने दिली होती आणि विचारी माणसांना त्याची धास्ती कशासाठी वाटत होती, ही हकीकत मात्र हळूहळू विस्मरणात चालली आहे. ती फार जुनी नाही. तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकू लागले आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत ती घडली. तिचा एक मोठा भाग तर आपल्या वारणाकाठच्या उसाच्या पट्ट्यातच घडला आहे. म्हणून आज तीच सांगावी म्हणतो.

आरंभ अमेरिकेपासून करावा लागेल. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका संगणकावरून सुमारे साडेतीनशे मैलांवरच्या दुसऱ्या संस्थेतील संगणकाला पहिला निरोप धाडण्यात आला. इंग्रजीतला ‘लॉगिन’ हा पाच अक्षरांचा शब्द धाडायचा होता. दोन अक्षरे गेली आणि यंत्र कोलमडले! तासाभराने सर्व ठाकठीक झाले, ही गोष्ट वेगळी. या जाळ्याला पैसा होता अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, आणि त्यावर काम करीत होती विद्यापीठांतली मंडळी.

या जाळ्याची रचना थोडी समजून घेऊ, कारण पुढची वचने तिच्यातूनच निघाली आहेत. समजा, तुम्हाला पुण्याहून नागपूरला एक लांबलचक पत्र पाठवायचे आहे. तुम्ही ते पन्नास पोस्टकार्डांवर लिहिले आणि प्रत्येकावर पत्ता व अनुक्रमांक घातला. काही कार्डे मनमाडवरून गेली, काही लातूरवरून गेली. वाटेत एखादे हरवले तर नागपूरचा माणूस कळवतो, ‘तेविसावे मिळाले नाही, पुन्हा धाडा.’ सगळी पोहोचली की तो ती क्रमाने लावून वाचतो. इंटरनेट असे चालते. आता यात मौज अशी की, सर्व पत्रे एकाच मोठ्या कचेरीतून गेली पाहिजेत असे बंधन नाही. एक वाट बंद झाली तर दुसरी सापडते. मध्यावर बसून सर्वांना हुकूम सोडील असा साहेब या रचनेत नाही. यंत्रात साहेब नाही, तर मग व्यवहारातही साहेब राहणार नाही, दलाल राहणार नाही, असा तर्क पुढे पुष्कळांनी लढवला. तो कितपत खरा ठरला, ते पुढे येईलच.

पहिला निरोप जाण्याच्याही दीड वर्ष आधी, एप्रिल १९६८ मध्ये, लिकलायडर आणि टेलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला होता. संगणक केवळ आकडेमोडीसाठी नाही, माणसामाणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून त्याचा उपयोग होईल, एका गावात राहणारे म्हणून नव्हे तर एका विषयाची आवड असणारे म्हणून लोक जवळ येतील, असे भविष्य त्यांनी त्यात वर्तवले. आणि त्याच लेखात त्यांनी एक शंकाही नोंदवली. या जाळ्याशी जोडलेले असणे ही काही थोड्यांची मिरास होणार की सर्वांचा हक्क ठरणार? समाजाचे भले की वाईट, हे मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहील, असे त्यांचे म्हणणे होते. एकूण आशा आणि धास्ती या दोन्ही एकाच हाताने, एकाच कागदावर उतरल्या, आणि त्यासुद्धा जाळे जन्माला येण्यापूर्वी!

पुढची वीस-पंचवीस वर्षे हे जाळे विद्वानांचेच राहिले. अमेरिकेतील सरकारी पैशाच्या मुख्य वाहिनीवर व्यापार करण्यास बंदीच होती. मग १९९० नंतर चार-पाच वर्षांत सगळे पालटले. स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने माहितीची पाने एकमेकांना जोडण्याची युक्ती काढली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती जगाला फुकट देऊन टाकली. एप्रिल १९९५ मध्ये अमेरिकन सरकारने आपली वाहिनी बंद केली आणि ते काम खाजगी कंपन्यांकडे गेले. त्याच वर्षी ९ ऑगस्टला नेटस्केप नावाच्या कंपनीचे भाग बाजारात आले. कंपनी जेमतेम सव्वा वर्षाची. भागाची किंमत ठेवली होती २८ डॉलर आणि संध्याकाळी बाजार उठला तेव्हा ती ५८ डॉलरच्या वर गेली होती. पैशाला वास लागला.

वचनांची अतिवृष्टी झाली ती याच काळात. अमेरिकेचे त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी मार्च १९९४ मध्ये ब्युनोस आयरिस येथे जगभरच्या दूरसंचार परिषदेत भाषण केले. पृथ्वीला वेढणारे माहितीचे जाळे उभारू, त्याने लोकशाही बळकट होईल, रोगी बरे होतील, गरीब देशांची भरभराट होईल, असा त्याचा सूर होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये जॉन पेरी बार्लो यांनी त्याहून पुढची मजल मारली. हे गृहस्थ गीतकार, आणि बरं का, अनेक वर्षे गुरांचे रान सांभाळलेले. त्यांनी सर्व सरकारांना उद्देशून एक जाहीरनामाच काढला. या नव्या जगात तुमची सत्ता चालणार नाही, इथे कोणालाही वंश, पैसा, जन्म यांवाचून प्रवेश मिळेल, असे त्यांनी बजावले. आपल्याकडे तर जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत किती मुरलेली होती, ते सांगायला नको. ‘जन्म विचारणार नाही’ हे वचन आपल्या कानांना किती गोड लागले असेल, याचा विचार करा.

परंतु सगळेच काही गोड बोलत नव्हते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रुसेल्स येथे धनिक राष्ट्रांची या विषयावर परिषद भरली होती. तेथे दक्षिण आफ्रिकेचे उपाध्यक्ष थाबो म्बेकी यांनी साध्या शब्दांत सांगितले की, सहाराच्या दक्षिणेकडील सबंध आफ्रिकेत जितक्या टेलिफोनच्या तारा नाहीत, तितक्या एकट्या न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात आहेत. अर्ध्या मानवजातीने अजून एकदाही टेलिफोन केलेला नाही, हेही त्यांनी सुनावले. अमेरिकेच्या स्वतःच्या व्यापार खात्याने जुलै १९९५ मध्ये जो अहवाल काढला, त्याचाही मथळा ‘जाळ्यातून निसटणारे’ अशा अर्थाचा होता. त्या श्रीमंत देशातसुद्धा खेड्यातला गरीब सर्वांत मागे राहिला आहे, असे त्यात आढळले.

पैशाचे काय झाले, तेही सांगून टाकतो. कागदावर एक नाव आणि त्यापुढे इंटरनेटचा पत्ता, एवढ्या भांडवलावर कंपन्या उभ्या राहू लागल्या. अमेरिकेच्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर चढला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर उतरला. रुपयातले बारा आणे बुडाले म्हणा ना! मुंबईला हे दृश्य नवे नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत सोन्याचा पाऊस पडला होता. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचे भाग दसपटीवर गेले होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली, १ जुलैला सौद्यांची मुदत भरली आणि प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा राजा जमिनीवर आला. पुढे १८७० मध्ये मुंबईहून एडन, सुवेझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्रातून तार गेली. लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला आगबोटीची वाट न पाहता कळू लागला. पण खानदेश-वऱ्हाडात गाडी घेऊन बाजारात उभ्या राहणाऱ्या कुणब्याला तो भाव कळत होता का? तार होती, ऑफिस होते. तिच्या टोकाशी बसलेला माणूस मात्र व्यापाऱ्याचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण आपल्या देशातील इंटरनेटकडे वळू.

आपल्याकडे १९८६ पासून ‘अर्नेट’ या नावाने शिक्षणसंस्थांचे जाळे विणले जात होते. मुंबईची आय.आय.टी. आणि मुंबईतीलच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था त्यात आरंभापासून होत्या. सर्वसाधारण लोकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मुहूर्त पाहिलात ना? स्वातंत्र्यदिनाचा! विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांपासून सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे. वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे एक बरेसे छायाचित्र उतरायला चहा करून पिण्याइतका वेळ. पहिल्या दिवसांत जोडणी लागता लागत नसे. आणि टेलिफोन तरी किती होते? त्या साली देशात शंभर माणसांमागे जेमतेम एक, आणि तोही बहुतेक शहरात. खेड्यात फोन करायचा तर पिवळ्या पाटीच्या दुकानापुढे रांग लावायची. खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची मुभा मिळाली ती नोव्हेंबर १९९८ मध्ये.

याच १९९८ साली केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या प्रेरणेने एक मोठा प्रयोग ठरला आणि त्यासाठी निवड झाली वारणानगरची. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडायची होती. खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. निम्मा केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि दहा टक्के वारणेच्या संस्थांनी उचलायचा. उभारणीचे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होते. गावोगाव एकेक खोली घेऊन संगणक ठेवायचा, तो चालवायला एक शिकलेला तरुण नेमायचा आणि शेतकऱ्याला त्याच्या भाषेत पीकपाण्याचा सल्ला, बाजारभाव, दवापाण्याची माहिती, मुलांना शिक्षण आणि सरकारी दप्तरातले कागद असे सगळे तेथेच मिळावे, अशी योजना होती. ‘तारेने जोडलेले खेडे’ म्हणून तिचा परदेशातही गाजावाजा झाला.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. ज्यांनी उसाचे पीक घेतले आहे, त्यांना सांगायला नको की लागण केली म्हणजे गट ऑफिसात नोंद करावी लागते. त्या नोंदीच्या तारखेवर तोडीचा क्रम लागतो. तोड उशिरा आली तर ऊस वाळतो, वजन घटते, रान अडकून राहते. तोड झाली की गाडी काट्यावर जाते, वजनाची पावती होते आणि त्यावर बिल निघते. खत उधारीने घेतले असेल तर ते बिलातून वळते होते. या एकेका गोष्टीसाठी शेतकऱ्याला कारखान्याकडे हेलपाटे घालावे लागत. एक दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर एसटीचे भाडे. आता गावातल्या खोलीतच नोंद होऊ लागली, वजन किती भरले ते कळू लागले, पावती छापून हातात मिळू लागली. हा लाभ लहान समजू नका. काट्याचा आकडा त्याच दिवशी, आपल्याच गावात, छापील मिळणे याची किंमत ऊस उत्पादकालाच कळेल.

आणि बाकीच्या वचनांचे काय? काही वर्षांनी बंगलोर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेतील मंडळी वारणेला जाऊन पाहू लागली, तेव्हा त्यांना असे दिसले की, चौपन्न गावांतले हे संगणक जवळजवळ सर्वस्वी उसाच्याच कामाला जुंपलेले आहेत. बाजारभाव, दवापाणी, जगाचे ज्ञान या गोष्टी बाजूलाच राहिल्या होत्या. याला शेतकऱ्याचे अज्ञान कारण होते, असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. सातबारा महसूल खात्याच्या हातचा, औषधोपचार आरोग्य खात्याच्या हातचा, बाजारभाव बाजार समितीच्या हातचा. कारखान्याच्या हातचा काय, तर ऊस. त्याची नोंद ठेवणारी माणसे, त्याचे हिशेब, त्याची शिस्त चाळीस वर्षांत घडलेली होती. जेथे आधीपासून घडी बसलेली होती, तेथे तारेला काम मिळाले.

तेव्हा या मंडळींनी २००६-०७ च्या सुमारास सात गावांत एक उलटाच प्रयोग करून पाहिला. जुने झालेले, वारंवार अडणारे संगणक बाजूला सारले आणि त्या जागी साधे मोबाईल फोन दिले. शेतकऱ्याने आपला क्रमांक घालून चार अक्षरांचा संदेश धाडायचा आणि वारणानगरच्या यंत्राने त्याला उसाचे वजन, खताची उधारी वगैरे उलट संदेशाने कळवायचे. जे काम संगणक करीत होता तेच झाले, खर्च पुष्कळ उतरला आणि शेतकऱ्यांनाही ते पसंत पडले. तारेने जोडलेले खेडे बिनतारी झाले!

एक गोष्ट मात्र दोन्ही प्रयोगांत तशीच राहिली. शेतकऱ्याला स्वतःची एक ओळ दिसत होती. कोणाच्या रानात किती ऊस उभा आहे, कोणाची तोड कोणाच्या पुढे गेली, कोणाची उधारी किती, ही सगळी वही कारखान्याकडेच होती. सभासदांची संस्था असल्याने या वहीची विचारपूस निदान वार्षिक सभेत करता येते, हे सहकाराचे बळ. पण जेथे वही परक्या कंपनीची असते, तेथे कोणत्या सभेत उठून विचारायचे?

वारणेचा प्रयोग चालू होता, त्याच सुमारास, म्हणजे १९९८ मध्येच, पाँडिचेरीजवळ विलियनूर येथे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने दुसऱ्या तऱ्हेने काम आरंभले. त्यांनी आधी गावाला अटी घातल्या. जागा गावाने द्यायची, ती सर्वांना मोकळी पाहिजे, चालवायला गावातलेच स्वयंसेवक हवेत आणि त्यांत बायका हव्यात. एंबलम गावी तर ते केंद्र देवळाच्या आवारात बसले. वीरमपट्टिनम हे कोळ्यांचे गाव. उद्या समुद्रात लाटा किती उंच उठतील, याचा अंदाज अमेरिकेच्या नौदलाच्या पानावर यायचा. स्वयंसेवक तो उतरवून घेत, तमिळमध्ये आणत आणि मग ध्वनिक्षेपकावरून सबंध किनाऱ्याला ऐकवत. विचार करा, केवढे हे अंतर! अमेरिकन युद्धनौकांसाठी काढलेला अंदाज, तोच होडीवाल्याच्या कामी आला. पण अखेरच्या दोनशे पावलांसाठी संगणक उपयोगी पडला नाही. तेथे कर्णाच लागला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा जवळच्याच नल्लवाडू गावाला सिंगापूरला असलेल्या एका गावकऱ्याचा फोन आला, आणि त्याच केंद्राच्या कर्ण्यावरून हाकाटी झाली. सुमारे साडेतीन हजारांची वस्ती वेळेत बाहेर पडली.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. त्याला परदेशी पारितोषिक मिळाले. पुढे वीज आणि टेलिफोन यांनी त्याची दमछाक केली. त्याच प्रांतात जून २००० पासून आय.टी.सी. कंपनीने सोयाबीनच्या खरेदीसाठी गावोगाव ‘ई-चौपाल’ मांडल्या. अडत्या जाईल, हे वचन तेथे अर्धेच खरे झाले. पुढे झालेल्या अभ्यासात आढळले की, या चौपाल जेथे सुरू झाल्या त्या भागात मंडीतला भावही शेकडा एक ते तीन टक्क्यांनी वाढला. शेतकऱ्याच्या पदरात काही पडले, हे निश्चित. पण संगणक बसवणाराच माल घेणारा होता, हेही विसरता येत नाही. जुना अडत्या मागे सरला आणि नवा, मोठा, दूरच्या शहरातला खरेदीदार पुढे आला.

मला या सगळ्या प्रयोगांच्या पाठीमागे एक जुना प्रयोग दिसतो आणि तो आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा वीस-एक माणसांनी रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम ऐकायचा, त्यावर आपापसात बोलायचे, अडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमात मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाची पाहणी झाली. पाहणाऱ्यांनी चातुर्य असे केले की, काही गावे मंडळे असलेली घेतली, काही नुसता रेडिओ असलेली आणि काही रेडिओच नसलेली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांची माहिती भरभरून वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच. बसून बोलणारी माणसे नव्हती, एवढेच उणे. बेचाळीस वर्षांनी गावोगाव संगणक बसवणाऱ्यांनी ही पाहणी वाचली असती, तर कदाचित अडीच कोटींतले चार पैसे खोलीबाहेरच्या पारावर खर्च झाले असते!

आणखी एक धास्ती होती, ती भाषेची. इंटरनेट इंग्रजी बोलत आले. मराठी अक्षरांची सोय मुळीच नव्हती असे नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागाही मिळाली होती. पण आरंभीच्या काळात प्रत्येक मराठी वृत्तपत्राने इंटरनेटवर आपापली अक्षरे वापरली. एकाची अक्षरे आपल्या संगणकात घातलेली नसली, तर ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या जागी चिन्हांचा बाजार दिसे. आणि शोधायचे म्हटले तर सापडायचे नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. सर्वांनी एकच रीत धरल्यावर चित्र पालटले. मराठी विकिपीडिया निघाला तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. या बाबतीत धास्ती बाळगणारे चुकले याचा आनंद आहे. पण ते आपोआप चुकले नाहीत. त्यासाठी पुष्कळांनी पदरमोड करून रात्री जागवल्या.

जी धास्ती कोणी फारशी बाळगली नाही, तीच पुढे सर्वांत मोठी ठरली. लोक म्हणत होते, गरीब माणूस जाळ्याबाहेर राहील. जाळ्याच्या आत आल्यावर त्याचे काय होईल, याचा विचार थोड्यांनीच केला. १९९४ साली नेटस्केप कंपनीत एक लहानशी सोय करण्यात आली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या खिशात दुकानदाराने एक चिठ्ठी सरकवावी आणि पुढच्या खेपेला ती पाहून त्याला ओळखावे, तसा हा प्रकार. तिला ‘कुकी’ म्हणतात. हेतू वाईट नव्हता. गिऱ्हाइकाने निवडलेला माल लक्षात राहावा, एवढाच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पानाच्या माथ्यावर पहिल्या जाहिराती झळकल्या. चिठ्ठी आणि जाहिरात एकत्र आल्या, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टींची किंमत कशी वसूल करायची ते सापडले. आपण काय पाहतो, कुठे थांबतो, काय विकत घेतो, याचीच वही तयार झाली. वारणेच्या वहीत उसाचे वजन होते. या वहीत माणसाचेच आहे.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि वारणेच्या खोल्यांतून जे अडले होते ते घरोघर पोहोचले. सातबाराही आता तलाठ्याच्या सहीसाठी न थांबता डिजिटल सहीने मिळतो; ती सोय १ मे २०१८ ला सुरू झाली. लिकलायडर-टेलर यांच्या प्रश्नालाही आपल्या देशात एक उत्तर मिळाले. महाविद्यालयाच्या वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाईल वापरू देत नाहीत, अशी एका विद्यार्थिनीची तक्रार होती. त्यावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खाजगी जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. मिरास नव्हे, हक्क.

निकालाला सहा महिने झाले नाहीत तोच मार्च २०२० मध्ये करोनाने शाळांना कुलपे लावली आणि शिकणे फोनवर गेले. गुरुजी, तो काळ तुम्ही पाहिला आहे. ज्या घरात एकच फोन होता तो बापाबरोबर कामावर जात होता. कोकणात मुले रेंजसाठी डोंगर चढून बसत होती. हक्क कागदावर होता आणि टॉवर पलीकडच्या खिंडीत होता. तेव्हा पालघर जिल्ह्यातील काही आदिवासी पाड्यांवर एक साधीच तोड काढण्यात आली. धडे आवाजात भरून घेतले, ध्वनिक्षेपक पाड्यावर नेला, आणि झाडाखाली अंतर राखून बसलेली पोरे तो ऐकून वह्या भरू लागली.